गाडी विकणे आहे, सासूबाई आत आहेत

…आणि वर मलाच म्हणतात, तू भोळी आहेस. आता मला सांगा, भोळी बाई बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडेल का? तेही दुसऱ्याच्या वतीने? आणि तो दुसरा चोर निघाला यात माझा काय दोष… पण थांबा, मी शेवट आधी सांगायला लागले. माझं हे असंच होतं. पहिल्यापासून सांगते, बसा.

तर तुम्हाला सांगते, मला व्रतं करायची हौस. उपासतापासाची नाही हो, ते डॉक्टरांनी कधीच बंद केलं. माझी व्रतं मनाची. देवासमोर हात जोडायचे, एक गोष्ट ठरवायची, वहीत तारीख घालायची आणि ठरवलेले दिवस निमूटपणे पाळायची. एकदा चाळीस दिवस कुणाला नावं ठेवायची नाहीत असं व्रत घेतलं, तर नणंदबाईंचा फोन आला की आम्हा दोघींना विषयच सापडेना. ती म्हणायची "आणखी काय", मी म्हणायची "आणखी काय"… बत्तिसाव्या दिवशी रडवेल्या आवाजात विचारते, "वहिनी, माझं काही चुकलंय का?" तरी पूर्ण केलं मी. व्रत म्हटलं की मी मागे हटत नाही.

यंदा घेतलं एकवीस दिवसांचं. काय, तर कुणावरही संशय घ्यायचा नाही. माणूस सांगेल ते खरं मानायचं. विश्वास ठेवायचा म्हणजे ठेवायचा. सोपं वाटलं हो मला. दूधवाला म्हणाला पाणी घातलेलं नाही, बरं बाबा, नाही घातलंस. शेजारीण म्हणाली तुमची कुंडी मांजरानं पाडली, बरं बाई, मांजरानं पाडली. मांजराच्या पायात त्यांच्या नातवाची चप्पल कशी आली ते मी विचारलं नाही. पहिले तीन दिवस असं हलकं हलकं वाटलं म्हणून सांगू… आणि चौथ्या दिवशी ह्यांनी गाडी विकायला काढली.

साधी गाडी नाही. घरगाडी. मोटरहोम म्हणतात ना, ती. आत पलंग, शेगडी, बेसिन, कपाटाएवढं न्हाणीघर, सगळं. दहा वर्षांपूर्वी हे घेऊन आले, म्हणाले, मुलं मार्गी लागली की आपण दोघं जग बघू. बघितलं. चार तळी आणि सात गॅरेजं. मग ती अंगणात उभी राहिली ती राहिलीच.

आणि मग सासूबाईंचा गुडघा. आमच्या घराचं कसं आहे, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर. मध्ये चौदा पायऱ्या. एक दिवस सासूबाई सातव्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता वर जात नाही नि खाली येत नाही. चहा इथेच दे." एक्याऐंशीव्या वर्षी काय बोलणार त्यांना? ह्यांनी डोकं चालवलं, घरगाडीला दोनच पायऱ्या, धरायला दांडी आहे, आत न्हाणीघर आहे… चार दिवसांसाठी म्हणून आईंना गाडीत हलवलं. त्याला आता चौदा महिने झाले. पण गेल्या थंडीत त्या पत्र्याच्या खोक्यात त्यांनी जो खोकला काढला, तो ऐकून मी वर अंथरुणात उठून बसायची. तेव्हाच ठरलं, पुढच्या थंडीच्या आत स्वयंपाकघराला लागून त्यांना खोली बांधायची, न्हाणीघरासकट. गवंड्याने हिशेब दिला. जवळ साठलेले चाळीस हजार आणि गाडीचे येतील ते, की झाली खोली. तोवर आईंची गादी खाली बैठकीत, न्हाणीचं बादलीवर भागवायचं.

म्हणजे बघा, आईंना खोली हवी तर गाडी विकायला हवी, आणि गाडी विकायला काढली तर आई गाडीत.

आता हे. आमचे हे लिफ्टच्या कामात. लिफ्टचा दोर तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही हा तिथला नियम, तो घरी चहाच्या कपापर्यंत आलेला आहे. जाहिरात दिली आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांना परगावच्या एका नव्या इस्पितळाच्या लिफ्टा बसवायला तीन आठवडे जावं लागलं. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेले. गिऱ्हाइकाला दिवसाउजेडी बोलवायचं. चेक घेतला तर तो वटल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. पैसे खात्यात आल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही, किल्ली नाही. आणि खाली लाल पेनाने, "कुणी जास्त पैसे देऊ लागला तर घ्यायचे नाहीत, परत पाठवायचे तर मुळीच नाहीत."

मी म्हटलं, "अहो, जास्त पैसे कोण देईल?"

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले, आणि गेले.

मी कागद तीनदा वाचला. प्रत्येक ओळीत संशय. आणि माझा पाचवा दिवस. मी तशीच गाडीत गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पलंगावर बसून जपमाळ ओढत होत्या. मणी थांबला. "त्यात काय एवढं? व्रत तुझं आहे, माझं नाही. तू विश्वास ठेव, मी ठेवत नाही. कामं वाटून घेऊ."

"म्हणजे काय करू?"

"तू बोल सगळ्यांशी. मी उतरणार नाही. पैसे खरे आलेत हे मला पटेपर्यंत मी या गाडीतून खाली उतरणार नाही. आणि मला घेऊन कोण पळतो ते बघते."

नवव्या दिवशी फोन आला. आवाज असा मधाळ. "ताई, मी जहाजावर इंजिनिअर आहे. समुद्रात आहे सध्या. फोटो बघितला, गाडी आवडली. पसंत."

मी म्हटलं, "भाऊ, येऊन बघा तरी."

"ताई, तुमच्या बोलण्यावरूनच कळलं, गाडी चांगली असणार."

सांगा आता. इतकी वर्षं संसार केला, माझ्या बोलण्यावरून काही चांगलं असेल असं ह्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, एक गोष्ट खरी सांगते, मागच्या खिडकीतून पाणी गळतं. तर म्हणतो, "ताई, मी समुद्रातला माणूस, मला पाण्याचं काय." किती समजूतदार. आणि किंमत? कमी करा म्हणून एक शब्द नाही. आठवड्याच्या आत कुरिअरनं चेक घरी. आणि चेकवर ठरल्यापेक्षा पस्तीस हजार जास्त.

मी लगेच फोन केला. "भाऊ, तुमची काहीतरी गफलत झालीय."

"नाही ताई, ते वरचे गाडी न्यायला येणाऱ्याचे. ट्रेलरवाल्याचे. समुद्रातून मला त्याला पाठवता येत नाहीत. तुम्ही चेक खात्यात टाका आणि त्याचे पस्तीस त्याला पाठवा. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

आता तुम्हीच सांगा. समोरचा माणूस आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवतोय आणि आपण कशाला मागे राहायचं? फ्रिजवरच्या लाल ओळीकडे मी पाठ केली. विश्वास ठेवायचा म्हणजे ठेवायचा. चेक खात्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर खातं उघडून बघते तर काय, आकडा आलेला. खराखुरा, शून्यांसकट. मी देवासमोर साखर ठेवली आणि गाडीत धावले. "आई, पैसे आले, डोळ्यांनी बघितले, उतरा."

सासूबाईंनी फोन हातात घेतला. लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "हे पैसे आहेत?"

"हो."

"मला काच दिसतेय. बँकेत जा. त्या ट्रेलरवाल्याचे पाठवायचे तर तिथं खिडकीवर उभी राहून पाठव. आणि चेक वटला का, ते विचार."

"आई, असं विचारणं म्हणजे संशय झाला."

"मग माझ्या नावाने विचार."

इकडे ट्रेलरवाल्याचे फोन सुरू. "मॅडम, आज बारापर्यंत पैसे नाही आले तर ट्रेलर दुसरीकडे जाईल." मग इंजिनिअर, "ताई, काय झालं?" मग परत ट्रेलरवाला. मला इतकी लाज वाटली, एवढा भला माणूस आणि आपण त्याला तिष्ठत ठेवलाय. तशीच पायात दोन वेगळ्या चपला घालून बँकेत गेले.

खिडकीवर एक चष्मेवाली मुलगी. मी तिला सगळं सांगितलं, समुद्र, जहाज, ट्रेलर, गुडघा, चौदा पायऱ्या… मागे रांग वाढत चालली, पण अर्धवट सांगायची मला सवय नाही. शेवटी म्हटलं, "तर ह्या ट्रेलरवाल्याला पस्तीस हजार लवकर पाठव गं बाळा. आणि आमच्या सासूबाई विचारतायत, चेक वटला का?"

तिने खटाखट बटणं दाबली आणि माझ्याकडे बघितलं. "काकू, हा चेक अजून वटलेला नाही."

"असं कसं? मला आकडा दिसतोय."

"दिसतोय तो आकडा आहे काकू, पैसे नाहीत. चेक टाकला की आम्ही आकडा दाखवतो. समोरच्या बँकेनं खरंच पैसे दिले की मग ते पैसे. त्याला अजून दोनतीन दिवस लागतील. आत्ता तुम्ही पस्तीस पाठवलेत तर ते तुमचे स्वतःचे चाळीस आहेत ना, त्यातले जातील. आणि चेक परत आला तर आकडा पुसला जाईल, पस्तीस गेलेलेच राहतील."

कुणाही शहाण्या बाईनं इथं कपाळाला हात लावला असता. मी नाही लावला. कारण माझा विश्वास. इंजिनिअर सांगतो पैसे दिले, म्हणजे त्याने दिलेच. मग अडकले कुठे? बँकेतच. चढला माझा पारा. म्हटलं, "तो बिचारा तिकडे समुद्रात जिवावर उदार होऊन काम करतो, आणि तुम्ही त्याचे पैसे तीन तीन दिवस दाबून ठेवता? बोलव तुझ्या साहेबांना."

साहेब आले. मी त्यांनाही समुद्रापासून सांगितलं. आणि म्हटलं, "आत्ताच्या आत्ता त्या दुसऱ्या बँकेला फोन लावा आणि त्यांना चांगलं खडसवा. तोवर मी इथून हलणार नाही." अंगावर असे धावून येणारे लोक त्यांनी पाहिले असतील, पण ज्यानं फसवलं त्याच्या बाजूने धावून येणारी मी पहिलीच असेन. साहेबांनी मुकाट्याने फोन लावला. बोलले. ऐकलं. ठेवला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि इस्पितळातले डॉक्टर बोलतात तसे हळू म्हणाले, "बाई, त्या बँकेत या नंबरचं खातंच नाही. हा चेक खोटा आहे."

आता लावला हात कपाळाला. एकदम खोलीच्या भिंती दिसल्या मला, बांधून व्हायच्या आत पडलेल्या. आणि पुढच्या थंडीतला तो खोकला ऐकू आला.  पण लगेच दुसरा विचार आला. अरे देवा, म्हणजे त्या इंजिनिअरला कुणीतरी खोटं चेकबुक दिलंय.

हसू नका. एकवीस दिवसांचं व्रत होतं, चौदा झाले नव्हते का?… सोळा. सोळा झाले होते. मी तिथूनच फोन लावला. "भाऊ, घाबरू नका, पण तुमच्याशी फार मोठा धोका झालाय. तुमचा चेक खोटा आहे. कुणी दिला तुम्हाला? आम्ही सोडायचं नाही त्याला. इथं बँकेचे साहेब माझ्या शेजारीच बसलेत, फार सज्जन आहेत, ते लगेच पोलिसांकडे लिहून देतायत. तुम्ही फक्त तुमचं नाव नि जहाजाचा नंबर सांगा. देते हं त्यांच्याकडे…"

 मग त्या मधाळ आवाजातला सगळा मध गेला आणि तो म्हणाला, "बाई, तुम्ही खरंच अशा आहात की माझी थट्टा करताय?" आणि फोन बंद. परत लावला, लागेना. ट्रेलरवाल्याचाही लागेना. चष्मेवाली म्हणाली, "काकू, तो एकच माणूस होता दोन्हीकडे." मी म्हटलं, असं नको बोलूस, समुद्रात रेंज जात असेल.

घरी आल्यावर गाडीत जाऊन सासूबाईंच्या पायाशी बसले. सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, तू इतका विश्वास ठेवलास. थोडा कमी ठेवला असतास तर बँकेत भांडली नसतीस, आणि चेक खोटा हे आजच कळलं नसतं."

अठराव्या दिवशी आले बेकरीवाले. नवरा-बायको दोघं, बेकरी मुलाला देऊन आता भटकणार म्हणे. ह्या गृहस्थांच्या भुवयांवर तीस वर्षांचा मैदा बसलेला, धुतला तरी न जाणारा. दिवसाउजेडी आले, गाडीखाली आडवे होऊन बघून आले, मागची खिडकी मी सांगायच्या आत त्यांनीच शोधली आणि बारा हजार कमी केले. त्यांच्या बायकोने कपाटं मोजली. सासूबाईंना म्हणाली, "आजी, तुम्ही गाडीबरोबर येता का?" सासूबाई म्हणाल्या, "परवडायची नाही मी तुला."

माझा जीव त्यांच्यावर जडला. म्हटलं, घेऊन जा, पैसे सावकाश पाठवा. पलंगावरून सासूबाई खाकरल्या. पण त्यांची गरजच पडली नाही, कारण बेकरीवालेच म्हणाले, "नाही बाई, राग मानू नका, पण तुमचा मला काय भरवसा? मी पैसे टाकले आणि तुम्ही किल्लीच दिली नाही तर? मागे एकाने मला विकलेली भट्टी अजून माझ्याकडे यायचीय."

माझा भरवसा. मी. मी फसवेन? आयुष्यात माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता हो. साधा डबा परत द्यायचा राहिला तर मला झोप लागत नाही. डोळ्यात पाणीच आलं. तर सासूबाई आतून म्हणतात, "शहाणा माणूस आहे. याला गाडी देऊ."

मग असं ठरलं की एकविसाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून बँकेतच जायचं. गाडी घेऊन. चालवायला बेकरीवाले, तेवढ्यात त्यांचं गाडी चालवूनही बघून होईल, पावाची व्हॅन चालवलेला हात, परवाना मी बघितला नाही, सासूबाईंनी बघितला. शेजारी मी. मागे पलंगावर सासूबाई आणि त्यांच्या शेजारी बेकरीवाल्यांची बायको. म्हणजे ते गाडी घेऊन पळाले तर सासूबाई त्यांच्याकडे, आणि आम्ही पैसे घेऊन पळालो तर… नाही, ते मी नीट सांगू शकत नाही, पण सासूबाईंनी समजावलं तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

बँकेसमोर गाडी लागली. मी किल्ली काढून मुठीत घेतली. चौघांपैकी दोघं खिडकीवर. बेकरीवाल्यांनी त्यांच्या खात्यातून माझ्या खात्यात तिथल्या तिथे पैसे वळते केले. चष्मेवालीने बटणं दाबली आणि हसली. "आले काकू. आणि या वेळी आकडा नाही, पैसे."

ह्यांना फोन लावला. लिफ्टच्या खड्ड्यात होते, आवाज घुमत होता. "आले का?… ले का?"

"आले."

"वटले का?"

"चेक नाही हो, थेट आलेत."

"कुणी सांगितलं?"

"चष्मेवालीनं."

"ती कोण?"

फोन तिच्याच हातात दिला. मग सही केली, कागद दिले. किल्ली बाकी. बाहेर आलो तर सासूबाई पलंगावर तशाच. "मला कुणी सांगितलं नाही अजून."

"आई, मी सांगतेय ना, आले."

"तुझं व्रत आहे. तुला सगळंच आलेलं दिसतं. जिला कळतं तिला बोलव."

गेले, चष्मेवालीला बोलावून आणलं. बिचारी रांग सोडून आली, दोन पायऱ्या चढून गाडीत उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, पैसे जमा झाले."

सासूबाईंनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरलं, फोटो बघितला, तोंड बघितलं. "फोटोत जाड दिसतेस." मग काठी मागितली. जपमाळ पदरात बांधली. त्या पलंगावरून एकदा हात फिरवला, भिंतीला टेकवला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझा हात धरून म्हणाल्या, "त्या गवंड्याला सांग, खिडकी पलंगाला लागून हवी. आणि खोली फार मोठी नको. रात्री हात लावला तर भिंत लागायला हवी." मी हो म्हटलं.  त्या उतरल्या. मी किल्ली दिली.

आणि मग आम्ही बँकेसमोर उभ्या राहिलो. सासूबाई, काठी, दोन उशा, गादी, बादली, औषधांचा डबा, आणि मी. तुम्हाला सांगते, फ्रिजवरच्या त्या कागदावर सगळं होतं. चेक, सही, किल्ली. गाडी विकल्यावर घरी कशानं यायचं, ते नव्हतं.

बेकरीवाल्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बसा आजी, सोडतो घरी."

सासूबाई म्हणाल्या, "परक्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही."

शेवटी टॅक्सी थांबवली. टॅक्सी परकी नसते म्हणे, ती सगळ्यांचीच असते. टॅक्सीवाल्याने गादी बघितली, बादली बघितली, सासूबाई बघितल्या आणि म्हणाला, "बाई, भाडं आधी द्या." सासूबाईंनी मला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. पण एकविसावा दिवस होता हो… संध्याकाळपर्यंत तरी निभवायला नको का?

दिलं.